गालांवरचा लाल रंग

लाल रंग भट्टीत उडतो, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. म्हणून तर आम्ही मीनाकामात चेहरे काढणारे तो चित्रातल्या गालांवर वाजवीपेक्षा जास्त चढवतो. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमागच्या या खोलीत चाळीस वर्षं मी हेच करतोय. पाठ गेली, डोळे गेले. खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय.

मिसेस व्हेनेबल्स ही रंगभूमीवर पंचवीस वर्षं गाजलेली नटी. अक्रोडाएवढ्या तांब्याच्या पत्र्यावर तिला स्वतःचं चित्र हवं होतं.

"टॅपली, यात नटी दिसता कामा नये," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "लेकीचं लग्न पाद्र्याच्या घरात ठरतंय. लेटिस नॉर्विचला माझ्या बहिणीकडे वाढली. माझा धंदा तिला ठाऊक नाही. सासरचे म्हणतात, आई कशी आहे ते दाखवा. भलतंच काही दिसलं तर लग्न मोडतील."

"मग तोंड धुऊन या, बाई."

ती धुऊन आली. रंगभूमीवर रोज फासलेल्या सफेद्याने कातडी पार खाल्ली होती. मला फार वाईट वाटलं, पण काढलं तसंच.

पाच वेळा भाजून झालं. सहाव्या खेपेला मी गालांवर लाल चढवला आणि कोळसे सारायला वळलो. तेवढ्यात तिने करंगळीने तो हलकेच पुसला. आरशासमोर नट्या पुसतात, तसाच. माझ्या डोळ्यांना ते दिसलं नाही. पत्रा भट्टीतून निघाला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"अहो, काय केलंत हे!"

"मला काय ठाऊक? आमच्यात जास्त झालं की पुसतात." मग तिने चित्र खिडकीशी नेलं. "राहू द्या. चांगली पाद्रीणबाई दिसतेय मी."

तेच चित्र नॉर्विचला गेलं.

तीन आठवड्यांनी, सकाळीच, ती परत आली. चित्र टेबलावर टाकून खुर्चीत बसली.

"लेटिसने परत पाठवलं. पत्र मीच वाचते, तुम्हाला कुठलं दिसायला!"

तिचा आवाज, जो शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, तो मला जेमतेम ऐकू येत होता.

'आई, तुमची कंपनी उन्हाळ्यात इथे येते तेव्हा मी मावशीच्या नकळत नाटकाला जाते. चार वर्षं जातेय. वरच्या बाकावरून मी तुला पाहिलंय. ही फिकट बाई कोण, मला ठाऊक नाही. सासरी मी सगळं सांगून टाकलंय. अजून उत्तर आलेलं नाही. मला माझी आई पाठव.'

बराच वेळ ती रडत राहिली. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"लाल चढवा, टॅपली."

"सातवी भाजणी होईल, बाई. तडकेल. आणि माझ्यात आता जोर नाही."

"माझ्यात तरी कुठे आहे?" तिने टोपी काढली आणि खुर्ची उजेडाकडे ओढली. "तडकलं तर दुसरं काढा. मी बसते."