एकतीस मेचा फळा

राधाकिसनने खडू ओला करून फळ्यावर आधी तारीख लिहिली, ३१ मे १९९९. खाली 'अहिल्याबाई होळकर जयंती', त्याखाली 'जागतिक तंबाखू विरोधी दिन'. तिसरा कार्यक्रम होता शिपाई राधाकिसन यांचा निरोप. तिथवर येईतो फळा संपला. मग कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सेवानिवृत्ती' एवढंच लिहून तो खुर्च्या मांडायला लागला. स्वतःच्याच लग्नात वाढपी व्हावं, तशातली गत.

खरं पाहता त्याची दोन वर्षं बाकी होती. पण शाळेत घालताना आई म्हणाली, "पोळ्याला झाल्ता," आणि गुरुजी म्हणाले, "बाई, पोळा रजिस्टरात बसत न्हाई." त्या दिवशी आलेल्या सगळ्या पोरांना त्यांनी एकच जन्मतारीख देऊन टाकली, १ जून १९३९. थोरली, धाकटी, सगळी एका दिवशी जन्मली. तालुक्याच्या या कचेरीतच एक जूनवाले सात जण होते. सरकारी नियमाने त्यांची नोकरी आदल्या दिवशी संपायची, म्हणून दरसाल एकतीस मेला कुणाला ना कुणाला नारळ मिळायचा. यंदा त्याचा नंबर होता.

घरी बसायचं, हेच त्याला नको होतं. फाल्गुनात बायको बायनाबाई गेली. तंबाखूची मिसरी लावून लावून तिच्या तोंडात जखम झाली, ती भरलीच नाही. लेक बदनापूरला दिलेली. रविवारीसुद्धा घरात बसवेना म्हणून तो टेंभुर्णीहून जीपने यायचा आणि बंद कचेरीच्या पायरीवर बसून राहायचा. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं त्याचं आतून सगळं झालं होतं.

अकरा वाजता अहिल्याबाईंच्या तसबिरीला हार घातला. धनगराच्या घरातला म्हणून राधाकिसन दरवर्षी पुढे होऊन पाया पडायचा, तसाच आजही पडला. मग हेडक्लार्क अप्पाराव शपथ वाचायला उठले. गालात तंबाखू होती, ती खिडकीतून थुंकून आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी तंबाखू खाणार नाही." सगळ्यांचे हात वर. राधाकिसनचाही. बायनाबाई आठवेल, अशी त्याला भीती होती. आठवलं एवढंच, की चहा सांगायचा राहिलाय.

साहेब अहिल्यादेवींच्या घाटांवर बोलले, कर्करोगावर बोलले, आणि शेवटी बत्तीस वर्षांच्या प्रामाणिक सेवेवर दोन वाक्यं. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. निघताना कागद गोळा करत साहेब सवयीने म्हणाले,

"राधाकिसन, उद्या जरा लवकर उघडा. जालन्याहून पाहुणे यायचेत."

अप्पारावांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"जी साहेब," राधाकिसन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या जीपने आला. कचेरीचं दार उघडं होतं. आपल्याआधी कुणी उघडलेलं ते दार तो पहिल्यांदाच पाहत होता. आत पन्नाशीचा एक अनोळखी माणूस टेबलावर फडका मारत होता. भोकरदनहून बदलून आलेला नवा शिपाई.

"काय काम हाय, बाबा?"

राधाकिसनने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहेबानं बोलावल्तं," तो म्हणाला.

"साहेब दहाला येतेत. बसा तिथं बाकड्यावर."

तो बसला. लांबून आलेली माणसं अर्ज घेऊन बसत, ते हे बाकडं. रोज सकाळी तो ते पुसायचा, बसला मात्र कधी नव्हता. बसल्यावर काय झालं कोण जाणे, पोटातून एक हुंदका आला, मग दुसरा, मग ते थांबेचना. टोपीने तोंड दाबून तो गदगदून रडायला लागला.

नवा शिपाई फडका टाकून धावत बाहेर आला. त्याने राधाकिसनच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नका, बाबा," तो म्हणाला. "व्हईल तुमचं काम."