चॉपिंग बोर्डावरचं निमंत्रण

अण्णा फेब्रुवारीत आमच्याकडे मेलबर्नजवळ ट्रुगानिनाला आले ते सहा आठवड्यांसाठी. मार्चअखेरचं परतीचं तिकीट हातात होतं. मग कोरोनामुळे विमानं बंद झाली आणि अण्णा आमच्याकडे उरले. आई फलटणलाच होती. ती मुळात आलीच नव्हती. "दोघंही गेलो तर घर कोण बघणार?" हा तिचा मुद्दा होता, आणि तिच्या मुद्द्याला अण्णांनी कधी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

मे महिन्यात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. अण्णा त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन फक्त विचारायचे, "विमानाचं काही कळलं?" मी नाही म्हटलं की "बरं" म्हणायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. कॅलेंडर फलटणच्या पतसंस्थेचं होतं, त्यांनीच बॅगेतून आणलेलं. आमच्याकडे तारखा नसतील असं आईला वाटलं असावं.

त्या दिवसांत मेलबर्नची सुसंस्कृत माणसं सुपरमार्केटमध्ये कागदावरून हातघाईवर येत होती. कोणता कागद ते सांगत नाही. अण्णांनी रिकाम्या फळ्या पाहिल्या आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. आयुष्यभर छापखाना चालवूनही कागदाला इतकी मागणी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

शाळा घरातच भरत होती. माझी मुलगी देवयानी, वय वर्षं अकरा, हिला प्रोजेक्ट मिळालं: प्राचीन चीनचे शोध आणि त्यांचा जगावर परिणाम. नेमके त्याच आठवड्यात आमचे विश्रामकाका फॅमिली ग्रुपवर चिनी मालावर बहिष्कार टाकायचं आवाहन करत होते. दिवसातून चारदा, चिनी फोनवरून.

"आजोबा, पेपर, प्रिंटिंग, कंपास, गनपावडर," देवयानी म्हणाली. "पिक वन."

"होकायंत्र घेऊन करणार काय, घरातच बसायचंय. छपाई घे."

"ओके. त्यांच्याकडे बी शंग म्हणून एक माणूस होता. हजार वर्षांपूर्वी. ही मेड लेटर्स आउट ऑफ क्ले."

"मातीचे खिळे?" अण्णा खुर्चीत सावरून बसले. मार्चपासून प्रथमच. "आमचे शिशाचे होते तरी झिजायचे. आणि त्यांची अक्षरं हजारोंनी. केवढा पसारा मांडून बसायचा असेल बिचारा." मग जरा थांबून म्हणाले, "कागद त्यांनी काढला, छपाई त्यांनी काढली. आपण लग्नपत्रिका काढल्या."

आमचा श्रीनाथ प्रिंटिंग प्रेस फलटणच्या शुक्रवार पेठेत होता. मी त्या वासात वाढलो, शाई आणि रॉकेलच्या. माझं बीजगणित गुलाबी आणि पिवळ्या कागदावर झालं, कारण घरात कोरा पांढरा कागद मुलांना मिळत नसे. पत्रिकांच्या कडा कापल्यावर उरलेले तुकडे मिळत. एका बाजूला समीकरण, दुसऱ्या बाजूला अर्धा गणपती.

लगीनसराईत अण्णा मजकूर लिहून द्यायचे, ट्रेडल यंत्रावर पाय मारायचे आणि आई खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, छापल्यावर सुलट होतं. छापेपर्यंत थांबणं आईला मान्य नव्हतं. प्रूफ काढून कागद वाया घालवण्यापेक्षा ती जुळवलेल्या मजकुरावर वाकून उलटी अक्षरं सरळ वाचायची आणि म्हणायची, "अहो, नवरीच्या मामांना विसरलात." मामांना वगळलेली पत्रिका गावात गेली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. तालुक्यातली निम्मी लग्नं आईमुळे उभी राहिली, असं अण्णांचं प्रामाणिक मत होतं. पुढे ऑफसेट आलं आणि खिळे भंगारात गेले. आई त्या दिवशी दुपारी झोपली नाही, एवढंच आठवतं.

प्रोजेक्टसाठी अण्णांनी लाकडी ठसा करायचं ठरवलं. मातीच्या खिळ्यांच्याही आधी चिनी लोक अख्खं पान लाकडात कोरून छापत, असं देवयानीने वाचून दाखवलं होतं. लाकूड कुठून आणणार? माझ्या बायकोचा, सुखदाचा, नवा चॉपिंग बोर्ड नाहीसा झाला.

"अण्णा, बोर्ड बघितलात का?" तिने विचारलं.

"कुठला?" अण्णा म्हणाले. बोर्ड त्यांच्या मांडीवर होता.

सुखदाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लॅपटॉप उघडला. महिनाभर ती डायनिंग टेबलाच्या एका कोपऱ्यात ऑफिस करत होती. तिची सहनशक्ती त्या वेळी कामाला लागलेलीच होती.

देवयानीच्या आर्ट किटमधल्या बोथट चाकूने अण्णा आठवडाभर कोरत होते. मी डोकावलो. मजकूर आरशातला होता, पण ओळखू आला. अण्णांच्या प्रत्येक पत्रिकेची शेवटची ओळ: अगत्य येण्याचे करावे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे देवयानीच्या शाळेसाठी नव्हतं.

"मी लॅपटॉपवर दहा मिनिटांत सुंदर कार्ड करून देतो आईला," मी म्हणालो.

"दहा मिनिटांत केलेलं तिला कळतं," अण्णा म्हणाले.

लग्नाच्या वाढदिवशी सकाळी छपाईला बसलो. टपालाने पाठवायचा प्रश्नच नव्हता, ते तेव्हा महिनोन् महिने कुठेतरी पडून राहायचं. छापून फोनवर दाखवायचं ठरलं. शाई म्हणून देवयानीचा काळा रंग. तो खाचांमध्ये उतरला, कागदावर पसरला, आणि 'अगत्य'च्या जागी एक काळी म्हैस बसलेली दिसू लागली. दुसरा कागद, तिसरा कागद. म्हशी वाढत गेल्या.

"ही शाई नाही, सरबत आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी हात धुतले, बोर्ड धुतला आणि कोरड्या फडक्याने अक्षरं टिपत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "राहू दे. नुसतं बोलू."

आमची दुपार म्हणजे आईची सकाळ. फोन लावला. पडद्यावर आधी छत आलं, मग पंखा, मग आई. नवी साडी नेसली होती आणि ती नेसल्याचं कोणी बोलू नये अशा बेताने बसली होती.

"जेवलात?" तिने विचारलं.

"जेवलो. तुझा चहा?"

"झाला."

पन्नास वर्षांचं एवढंच झालं. मग अण्णांना कोपऱ्यात स्वतःची छोटी चौकट दिसली. फोन आपल्याला आपली छबी आरशासारखी दाखवतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सहज बोर्ड उचलून धरला आणि त्यांचा चेहराच बदलला. उलटी अक्षरं त्या चौकटीत सुलट झाली होती.

"सारंग, हे बघ," ते हळूच मला म्हणाले. "शाई नको, कागद नको. छापून आलं."

छापून आलं होतं ते फक्त आमच्या बाजूला. पलीकडे आईला जसंच्या तसं, उलटंच दिसत होतं. देवयानीनेही ओळखलं. "आजोबा, शी कान्ट–" तिने सुरुवात केली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं. अण्णा बोर्ड अगदी सरळ धरून बसले होते.

आईने चष्मा लावला. फोन जवळ घेतला. पूर्वी मजकुरावर वाकायची तशी वाकली.

"अगत्य येण्याचे करावे," तिने वाचलं, एका दमात. मग पुन्हा बघून म्हणाली, "'ण्या'चा पाय मोडलाय."

"चाकू बोथट होता," अण्णा म्हणाले.

"हं." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "आणि निमंत्रण मला कशाला? यायचंय तुम्हाला."

"बरं," अण्णा म्हणाले.

जूनमध्ये खास विमानं सुटली, त्यातल्या एकात त्यांना जागा मिळाली. बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा सुखदाने नातेवाइकांसाठी घेतलेली चॉकलेटं काढून ठेवली. बोर्डाला कोणी हात लावला नाही. तो आता फलटणच्या ओट्यावर असतो. आई त्यावर कोथिंबीर चिरते, मागच्या बाजूने.