ठेवा

चर्चमागच्या गल्लीत ड्रेनेजचा पाइप टाकायचं काम बाबांनी घेतलं होतं. जोडीला माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आणि त्याचा दोस्त पैलवान. मी चहाचा थर्मास घेऊन चरापाशी पोचले तेव्हा बाबा आत गुडघ्यांवर बसून हातांनी माती सारत होते. मातीत एक कवटी होती. तिला खेटून दुसरी, लहान मुलाची. शेजारी काळी पडलेली चांदीची डबी, झाकणावर क्रूस.

काठावरून जावयाने पहार उगारली होती. बाबांनी हात वर केला.

"जावईबापू, ठेवा! अहो, ठेवा!"

दोघांनीही चरात उड्या टाकल्या, जावयाने पहारीसकट. पैलवानाच्या बुटाखाली लहान कवटी कचकन फुटली. त्याने डबी उचलली. जावयाने त्याच्या मनगटाचा लचका तोडला.

"सोड! माझ्या सासऱ्याला सापडलीय."

"सासरा तुझा असेल, खड्डा काय तुझ्या बापाचा?"

पैलवानाने त्याच्या पोटात गुडघा घातला. बाबा दोघांच्या मध्ये शिरले. जावयाने पैलवानावर फिरवलेली पहार बाबांच्या कानामागे बसली. ते त्या हाडांवर पालथे पडले. त्यानंतरही ते दोघे बाबांच्या पाठीवर पाय देऊन झोंबत राहिले. शेवटी डबी उघडून पडली. आत बोटाचं एक हाड होतं. कुणा संताचं असावं, असं फादर नंतर म्हणाले.

कोर्टातल्या माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी बहीण आली. दारातच बसली.

"ताई, त्या दोघांखेरीज तिथे तू एकटीच होतीस. बाबाच ओरडले, ठेवा सापडला म्हणून, एवढंच सांग. यांचं डोकं का फिरलं ते तरी कळेल कोर्टाला."

"'सापडला' असं ते म्हणाले नाहीत."

"एका शब्दाने काय बिघडतंय?"

"म्हणजे बाबा लुटायला गेले होते, असं सांगू?"

"बाबा गेलेत गं. हे अजून आहेत."

मी तिला पाणी दिलं. तिने ते तसंच हातात धरलं.

"तुझ्या नवऱ्याला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही," मी म्हटलं. "पहार पैलवानाच्या हातात असती तर 'ठेव' म्हणाले असते. मग कुणीच उडी मारली नसती."

भरलेला पेला माझ्या हातात देऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी विचारलं, "वडील नेमकं काय ओरडले?"

"ठेवा."

मागच्या बाकावर बहिणीने सुस्कारा सोडला.

"म्हणजे खजिना?"

"नाही," मी म्हटलं. "पहार."