शेवटचं बाक रिकामं ठेवणारा वर्ग

डोंगराला टेकलेला तो वर्ग झपाटलेला होता, याबद्दल शाळेत दुमत नव्हतं. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचं एकमत असलेली ती एवढीच बाब. दार आपसूक घट्ट मिटायचं, मग खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. टेबलावर ठेवलेला खडू डोंगराकडे पाठ करून घरंगळत सुटायचा. आणि भरदुपारी वर्ग गप्प झाला की मागच्या भिंतीतून कुणी कण्हल्यासारखा आवाज यायचा. मुलं सांगत, नापास झालेली एक मुलगी आहे, ती अजून उत्तर आठवतेय. म्हणून भिंतीलगतचं शेवटचं बाक तिच्यासाठी रिकामं ठेवायचं. मुलं पास होऊन गेली, नवी आली; बाक रिकामंच.

शिकाऊ बाईंना हा वर्ग सरावपाठांसाठी मिळाला. जुन्या शिक्षकांनी तो मोठ्या मनाने त्यांना देऊन टाकला होता. विमा कचेरीतली नोकरी सोडून, पस्तिशी उलटल्यावर त्या माध्यमिक शाळेत भूशास्त्र शिकवण्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी घेत होत्या. सासूबाईंना ते पटलं नव्हतं.

"दगडांचा अभ्यास करून तू शिकवणार कुणाला? मुलांना की दगडांना?"

"सुरुवातीला फरक कळत नाही म्हणतात, आई."

बाईंचा भुतावर विश्वास नव्हता. पण घरी कणीक मळताना, कपडे वाळत घालताना तो कण्हण्याचा आवाज त्यांच्या कानात यायचा. मग त्या रेडिओ मोठा करत.

शेवटचा पाठ आला. त्यावर पदवी अवलंबून. विषय भूस्खलन. रिवाजाप्रमाणे बाईंनी आदल्या दिवशी वर्गाकडून तालीम करून घेतली होती. कुठला प्रश्न येणार, कुणी हात वर करायचा, सगळं ठरलेलं. हे सगळेच शिकाऊ करतात. परीक्षकांनीही तरुणपणी हेच केलेलं असतं, म्हणून ते सहसा विचारत नाहीत.

पाठाला गुण द्यायला महाविद्यालयातून मार्गदर्शक मॅडम आल्या. लाल पेनामुळे सगळे त्यांना 'लालबाई' म्हणत. त्यांनी दाराला खांदा लावला, आत शिरल्या आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. कुणीतरी कुजबुजलं, "बसल्या! तिच्यावरच बसल्या!"

पाठ दृष्ट लागण्यासारखा झाला. बाईंनी तक्त्यावरच्या दूरदेशीच्या डोंगराला छडी लावून विचारलं, "उतार सरकू लागल्याच्या खुणा कोणत्या?"

वर्ग एका सुरात गरजला, "दारं घट्ट बसतात! जमीन कलते! भिंतींना भेगा पडून वाढत जातात!"

आणि सूर थांबताच, मागची भिंत कण्हली. मुलं नेहमीप्रमाणे खाली बघू लागली. टेबलावरचा खडू घरंगळून खाली पडला. बाईंनी तो उचलला आणि पुढचा मुद्दा घेतला.

पाठ संपल्यावर लालबाई म्हणाल्या, "गुण उत्तम देणार आहे. फलकलेखन सुरेख. आता एक सांग, तुझ्या मुलांनी सांगितलेल्यांपैकी कुठली खूण या खोलीत नाही?"

बाईंची नजर दारावरून खडूवर आणि खडूवरून मागच्या भिंतीवर गेली.

"माझी पाठ भिजलीय बघ. भिंत पाझरतेय. एवढं शिकवलंस आणि स्वतः ऐकलं नाहीस?"

"मॅडम, इथे सगळे म्हणतात की… ते भूत आहे."

"भूत सोयीचं असतं गं. भुताची दुरुस्ती करावी लागत नाही. डोंगर म्हटलं की कुणाला तरी उठून काहीतरी करावं लागतं!"

बाईंना उमगलं. इतके दिवस कानात कण्हत होता तो आवाज कुणा मुलीचा नव्हता. त्यांना पाठ असलेल्या उत्तराचा होता!

पण बोलायचं कसं? सराव पूर्ण झाल्याचा दाखला मुख्याध्यापक देणार होते आणि तो नसेल तर पदवी नाही. तरी त्या गेल्या.

मुख्याध्यापक हसले. "ताई, भेगा आम्ही दर सुट्टीत बुजवतो. रंगही देतो. नोकरीआधीच नोकरी घालवायची घाई का?"

"सर, एकच करा. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवू या. भूत असेल तर कागद तसाच राहील, डोंगर सरकत असेल तर फाटेल."

पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवली. आठवड्याच्या आत ती मधोमध फाटली होती. मुख्याध्यापकांनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मीही भूशास्त्राचाच," ते हळू म्हणाले. "याच खोलीत हाच धडा शिकवत म्हातारा झालो. या भिंतीला पाठ लावून! अहो, मुलं बाहेर काढा! आत्ता!"

अभियंता आला. त्याने भिंत पाहिली, वर उतार पाहिला आणि काही बोलण्याआधी आपली गाडी लांब नेऊन लावली. वर्ग रस्त्यापलीकडच्या सभागृहात गेला. पालक कुरकुरले: एका शिकाऊ बाईच्या नादी लागून मुलांना जमिनीवर बसवलं.

डोंगर उतरला तो शाळेच्या वेळेत, भरदुपारी. आधी खिडक्या थरथरल्या, मग धूळ आली, आणि धूळ बसल्यावर पलीकडे तो वर्ग नव्हता. सभागृहात मुख्याध्यापकांनी पुन्हा हजेरी घेतली. एकेक नाव. एकेक "हजर". शेवटच्या नावानंतर ते बाईंना म्हणाले, "दाखल्यावर सही केलीय. खरं तर तुम्ही माझ्या दाखल्यावर करायला हवी."

बाई आता त्याच शाळेत शिकवतात. अजूनही दुपारी वर्ग गप्प झाला की त्या बोलता बोलता थांबतात आणि कान देतात. मुलंही देतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दृश्य जरा भीतिदायक वाटतं.

वाचकहो, आपल्याही घरात, कचेरीत, गल्लीत काहीतरी कण्हत असेलच. आपण त्याला भूत म्हणतो, नशीब म्हणतो, 'चालायचंच' म्हणतो. त्याचं खरं नाव आपण शाळेत शिकलेलो असतो, त्यावर गुणही मिळवलेले असतात. ते नाव वेळेवर मोठ्याने घ्यावं. न वापरलेलं ज्ञान मरत नाही. ते मानगुटीवर बसतं!