फाटकापासून व्हरांड्यापर्यंत

शाळेत खरे कलाकार आणायचे आणि मुलांना त्यांच्याकडून दोन तास काहीतरी शिकू द्यायचं, हे खूळ माझं. आमच्या उंब्रजकडच्या शाळेत कला म्हणजे स्पीकरवर गाणं लावून गॅदरिंगला नाचणं. मला त्याचा वीट आला होता. मी पहिलंच नाव काढलं ते सांगलीच्या प्रबुद्ध यांचं. हलगीवादक. नाटकांत वाजवलेला, दोनदा परदेशात जाऊन आलेला माणूस. मुख्याध्यापक म्हणाले, "क्रांती मॅडम, तुमची हौस आहे ना, मग आणा."

प्रबुद्ध फोनवर लगेच हो म्हणाले नाहीत. "आधी माझ्या वडिलांना भेटा," म्हणाले. म्हणून मी माधवनगरला गेले. वडील जालिंदर, गिरणीत उभा जन्म घालवलेले, आता ऐंशीच्या घरातले. त्यांनी स्वतः चहा करून दिला आणि मग विचारलं, "पोरास्नी शिकवायचं, व्हय?"

"हो बाबा. कार्यशाळा आहे."

"कुणाच्या म्होरं चालायचं न्हाई न्हवं?"

मला काही कळलं नाही. ते माझ्या तोंडावरून त्यांच्या लक्षात आलं.

"गावात कोन मोठा आला की माजा बाप येशीपासनं चावडीपतूर त्याच्या म्होरं हलगी वाजवत चालायचा. गावानं नेमून दिल्यालं काम. आमी धम्म घेतला त्या साली त्यानं हलगी कृष्णेत सोडली. मी धा वर्साचा हुतो, काठावर हुबा. पोरानं कालेजात परत हातात घेतली, तवा चार वर्सं मी बोललो न्हाई त्याच्यासंगं. मग म्हनलं, वाजव. पर एका जागी हुबा ऱ्हाऊन वाजव. ज्याला ऐकायचं त्यो तुज्यासमोर यील. येवढंच मागितलंय त्याच्याकडं."

"बाबा, ते आमच्याकडे सर म्हणून येतील. मुलं उठून नमस्कार करतील. माझा शब्द," मी म्हणाले. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

"मग एक फोटू धाडा. त्यो हुबा, आन पोरं समोर बसल्याली."

"एक काय, दहा पाठवते."

शनिवारी सकाळी प्रबुद्ध आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर कापडात गुंडाळलेली हलगी. ती तापावी म्हणून त्यांनी व्हरांड्यात उन्हाला लावून ठेवली. सात-आठ मुलं लगेच भोवती जमली, आणि ते काहीतरी सांगून त्यांना हसवत होते. तेवढ्यात मुख्याध्यापक धापा टाकत आले. संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब कार्यक्रमाचं ऐकून स्वतःच निघाले होते, त्यांची गाडी फाटकाशी पोचलीसुद्धा होती. शाळेचं लेझीम पथक तयार नव्हतं.

"प्रबुद्धराव, बरं झालं तुम्ही आहात," मुख्याध्यापक म्हणाले. "फाटकापासून व्हरांड्यापर्यंत साहेबांच्या पुढं जरा वाजवत या. दोन मिनिटांचं काम."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट असतं तर मी भांडले तरी असते. प्रबुद्धांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. 'ते आपले पाहुणे आहेत, त्यांना हे काम सांगू नका,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. स्टाफरूममध्ये मी असली वाक्यं रोज दहा फेकते. आणि तिथे माझ्या तोंडून निघालं, "सर, दोनच मिनिटं. मुलं वाट बघताहेत."

त्यांनी हलगी उचलली आणि फाटकाकडे गेले. मुख्याध्यापकांनी आपला फोन माझ्या हातात दिला, "मॅडम, शूटिंग घ्या." मी घेतलं. पुढे प्रबुद्ध वाजवत चाललेले, मागे लालासाहेब हात जोडत, दोन्ही बाजूंना सगळ्या शिक्षकांचे मोबाईल वर. वाजवणं चोख होतं. नजर मात्र त्यांनी पूर्ण वेळ जमिनीवरून काढली नाही.

लालासाहेब दहा मिनिटांत गेले. मग वर्गात दोन तास प्रबुद्धांनी जे शिकवलं, ते मी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. साठ मुलं बाकांवर बोटांनी ठेका धरत होती. सृष्टी नावाची मुलगी माझ्या तासाला तोंड उघडत नाही. तिचा ठेका नेमका बसला. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, हलगी तिच्या हातात दिली, आणि "तू वाजव, आम्ही ऐकतो," म्हणून स्वतः मुलांमध्ये खाली बसले. माझ्या डोळ्यांना धार लागली. कुणाचा हात मोबाईलकडे गेला नाही. माझाही नाही.

ते निघताना मी म्हणाले, "सर, माझं चुकलं."

"मलाही नाही म्हणता आलं असतं, मॅडम. पण मग हा वर्ग झाला नसता," ते म्हणाले. "फक्त बाबांना कळू देऊ नका."

संध्याकाळी व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'साहेबांचे पारंपरिक स्वागत'. मीच काढलेला होता. रविवारपर्यंत तो सांगलीला पोचला.

सोमवारी जालिंदरबाबांचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीने उचलला, पण ते रागावले नाहीत.

"बाई, त्यो व्हिडिओ बगितला. पोरगं म्हनतंय, नंतर वर्गात लय झ्याक झालं. पोरं समोर हुती म्हनं. त्यो फोटू धाडा. त्यो ठिवतो आन ह्यो पुसून टाकतो."

मी त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले. प्रत्येक शिक्षकाला विचारलं, शिपायाला विचारलं, मुलांच्या घरी फोन केले. फाटकावरचे एकोणतीस व्हिडिओ निघाले. वर्गातला एकही फोटो नव्हता.

बुधवारी मी त्यांना तसं सांगितलं.

"म्हंजी माजं मन राखायला बोललं म्हना की पोरगं," ते म्हणाले.

"नाही बाबा, खरंच झालं तसं. मी तिथेच होते. मी शब्द देते तुम्हाला."



"ऱ्हाऊ द्या, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.