गेल्या वर्षीच्या विजेतीची कंबर

मित्रांनो, मी शिलाईच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. मला डोकं नाही, हात नाहीत, आणि पायांच्या जागी एक लोखंडी दांडा आहे. छाती, कंबर आणि नितंब या तीन ठिकाणी माझ्या आत चाकं बसवलेली आहेत. पितळी किल्ली घालून ती फिरवली की मी जाड होतो किंवा बारीक होतो. एवढी सोय असून मला बोलता मात्र येत नाही. बोलता आलं असतं, तर पुढे सांगतो तो प्रकार घडला नसता.

कारखान्यात पुठ्ठ्याचं अंग आणि त्यावर राखाडी कापड चढवून मला तयार केलं. एका बंद पडलेल्या दुकानातून मावशींनी मला उचलून आणलं. शिलाई करणाऱ्या या बाईंना सगळा रस्ता मावशीच म्हणतो. दुकानात त्या आणि त्यांच्या भावाची बायको, अशा दोघीच. मावशी बेतायच्या आणि शिवायच्या, वहिनी हुक, बटणं आणि इस्त्री सांभाळायच्या. काम बहुतेक गणवेशांचं आणि पडद्यांचं. त्याला माझी गरज लागत नाही, म्हणून मी खिडकीजवळ उभा असायचो आणि माझ्या खांद्यावर टेप लोंबत असायची.

मावशींना एकच वेड होतं, राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेचं. स्पर्धेच्या दिवशी दुपारीच दुकानाचं दार अर्धं ओढलं जाई. टीव्ही कापड बेतायच्या टेबलावर चढे. मावशी खडूनं टेबलाच्या कडेवर पाच नंबर लिहीत आणि बहुतेक वेळा त्यांतलीच एक जिंकत असे. "ताईंच्या डोळ्यांत टेप आहे," असं वहिनी कौतुकानं सांगत. मुकुट चढताना सगळं जग विजेतीकडे बघतं, मावशी मात्र पहिल्या उपविजेतीकडे बघायच्या. "हसत हसत टाळ्या वाजवायच्या आहेत तिला. खरी परीक्षा आत्ता चालू झाली," असं म्हणून त्या डोळे पुसत.

टीव्ही बंद झाला की त्या किल्ली घेऊन माझ्याकडे येत. नुसत्या नजरेनं विजेतीचं माप धरून माझी चाकं फिरवत आणि चार पावलं मागे जाऊन मला न्याहाळत. अशा किती विजेत्या माझ्या अंगावरून गेल्या, याचा हिशोब मी ठेवलेला नाही. गेल्या वर्षीची विजेती त्यांना फारच आवडली होती. तिची कंबर मला पंचवीस इंच मिळाली, आणि ती माझ्याकडे वर्षभर राहिली.

मग ती मुलगी आली. ती समोरच्या औषधाच्या दुकानात काम करायची. आमच्या भागातून राष्ट्रीय फेरीसाठी तिची निवड झाली होती. "मावशी, झगा तुम्हीच शिवा. या स्पर्धेतलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?" असं म्हणून ती माप द्यायला उभी राहिली. मावशींनी प्रत्येक माप दोनदा घेतलं. इतकी वर्षं काचेच्या अलीकडून बघितलेल्या रंगमंचावर त्यांची शिवण चालत जाणार होती. मापाचा कागद त्यांनी माझ्या छातीवर टाचला. त्यावर कंबर अठ्ठावीस इंच लिहिली होती.

असा झगा कागदावर बेतत नाहीत, पुतळ्यावर कापड टाचत टाचत बेततात. त्याआधी पुतळा त्या मापाचा करून घ्यावा लागतो. मावशींनी माझा दांडा मुलीच्या उंचीला आणला आणि चाकांसाठी किल्ली हातात घेतली. तेवढ्यात वहिनींनी हाक मारली, "ताई, लवकर या, यंदाच्या मुलींची ओळख दाखवतायत." मावशी किल्ली हातात घेऊनच धावल्या. परत आल्या त्या थेट कापड घेऊन. आठ दिवस त्या गुणगुणत माझ्यावर हिरवं साटीन टाचत राहिल्या. मी पंचवीसचाच होतो.

स्पर्धा सहा दिवसांवर आली तेव्हा झगा घालून बघायचं ठरलं. पाठीची साखळी, म्हणजे झिप, कमरेपाशी आली आणि तिथेच अडली. वहिनींनी ओढून बघितलं. मुलीनं पोट आत घेतलं, श्वास रोखला, पण साखळी वर जाईना.

"मीच सुटले असणार," मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. "राहू दे मावशी. मी करते कमी."

ती गेल्यावर मावशींनी टेप माझ्या कमरेला लावली. मग छातीवरचा कागद वाचला. मग त्या स्टुलावर बसल्या. वहिनींना त्या काहीच बोलल्या नाहीत. डोळ्यांत टेप असलेल्या बाईनं पुतळ्याचं मापच बघितलं नाही, ही गोष्ट रस्ताभर झाली असती. त्याहून मोठी भीती वेगळी होती. मुलगी झगा उचलून दुसऱ्या शिंप्याकडे गेली असती, आणि रंगमंच हातचा गेला असता. माझ्या छातीच्या जागी चाक आहे, म्हणून मला कुणाचा राग येत नाही. पण त्या शरमेनं गप्प होत्या आणि लोभानंही गप्प होत्या, हे खरं आहे.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा तिचे ओठ सुकले होते. झगा घालताना तिनं माझा खांदा धरला. तिचा हात गार लागला.

"काय खाल्लंस आज?" वहिनींनी विचारलं.

"लिंबूपाणी."

"आणि काल?"

मुलगी नुसती हसली. साखळी आता बोटभर वर गेली होती, पण बंद होत नव्हती. "अजून चार दिवस आहेत ना," ती म्हणाली, "पाणीसुद्धा कमी करते." एवढं बोलून ती खाली बसली. बसली म्हणजे पायच गेले तिचे.

वहिनी पाणी आणायला धावल्या. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी माझ्या छातीवरचा कागद काढला आणि मुलीसमोर धरला.

"हे तुझं माप. अठ्ठावीस. हा पुतळा पंचवीसचा आहे, गेल्या वर्षीच्या विजेतीचा. मी किल्ली फिरवायची विसरले. झगा तुझ्यासाठी शिवलाच नाही गं मी. आणि हे मला परवापासून माहीत आहे."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या.

"म्हणजे मी सुटले नाही?" मुलीनं विचारलं.

"तसूभरही नाही."

मुलीनं डोळे मिटले आणि भिंतीला टेकली. मग म्हणाली, "आधी मला खायला द्या काहीतरी. नंतर भांडते तुमच्याशी."

तिनं उघड्या पाठीच्या झग्यातच तीन केळी खाल्ली, आणि चौथं खाता खाता ती भांडलीही. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग माझं कमरेचं चाक अठ्ठावीसवर आणलं, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि मण्यांच्या पट्ट्या घालून झगा मोठा केला. मुलगी तोच झगा घेऊन गेली.

स्पर्धेच्या दिवशी दार नेहमीसारखं अर्धं ओढलं होतं. टेबलावर खडूनं एकही नंबर लिहिलेला नव्हता. मुलगी हिरव्या झग्यात आली, चालली, वळली आणि गेली. पहिल्या पंधरांत तिचं नाव आलं नाही. शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर मुकुट चढला.

"ताई, यंदाची कशी वाटली?" वहिनींनी विचारलं.

"कोण जिंकली?" मावशी म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं. आपल्या पोरीला झग्यात नीट श्वास घेता येतोय का, तेवढंच बघितलं मी. येत होता."

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. तेल घातल्याशिवाय माझी चाकं फिरत नाहीत. त्यांना वेळच्या वेळी तेल मिळावं, ही माझी एक विनंती आहे, आणि दुसरी तुमच्यासाठी आहे. कपडा अंगाला बसला नाही, तर उपाशी राहू नका. शिवणाऱ्याकडे जा, आणि आधी पुतळ्याच्या कमरेला टेप लावून बघा.