मुक्या घंटेची प्रथा

नाताळच्या सजावटीचं दुकान चालवणाऱ्याला सगळी गल्ली कथेकरी म्हणायची. नुसती वस्तू विकणं त्याला कधी जमलंच नाही. कुणी हिरवी फांदी मागितली की तो आधी सांगणार : ऐन थंडीत झाडं उघडीबोडकी होतात, हिरवी राहतात ती एवढीच, म्हणून जुने लोक त्यांना घरात आणत. हिवाळ्याला दाखवायला, की बघ बाबा, सगळंच काही तुझ्या हाती लागलेलं नाही. लाल काचेचे गोळे मागितले, की आधी झाडाला खरी सफरचंदं टांगत, काच मागाहून आली, इथून सुरुवात. गिऱ्हाईक एक चांदणी घ्यायला येई आणि पिशवी भरून, डोळे पुसत जाई.

इथवर तो सांगे ते सगळं ऐकलेलं, वाचलेलं होतं. घोटाळा केला तो घंटांनी.

मागच्या नाताळात कारखान्यातून पितळी घंटांचं खोकं आलं आणि एकीतही ठोका देणारी जीभ नाही. हलवा, झुलवा, हूं की चूं नाही. गल्ल्यावर बसणारी थोरली बहीण म्हणाली, "परत पाठव." पण सण तोंडावर आलेला. कथेकऱ्याने एक घंटा तळहातावर घेतली आणि दारातल्या गिऱ्हाइकाला बोलून गेला, की ज्याला मनातलं बोलता येत नाही, त्याने नाताळात खिडकीत मुकी घंटा टांगावी. ज्याला ते मन कळेल, तो येऊन तिला जीभ बांधेल. वर ओळीही जुळवल्या :

मुकी घंटा बाई, खिडकीत झुले,
मन ज्याला खुले, त्याची वाट.

"कुठली रे ही प्रथा?" बहिणीने विचारलं.

"डोंगरापलीकडची."

"कुठल्या डोंगरापलीकडची?"

"ताई, डोंगर म्हटला की त्याला पलीकडची बाजू असतेच."

खोकं रिकामं झालं. लोकांनी प्रथा अशी उचलली, की वर्षभरात तिला आजी-पणजी फुटल्या. "आमच्याकडे पूर्वापार आहे," असं कोपऱ्यावरची शिंपीण ठणकावून सांगू लागली. घंटेपायी दोन लग्नं जुळली, आणि एका भिंतीआड राहून अबोला धरलेले दोन भाऊ एकमेकांच्या दारात जीभ घेऊन उभे राहिले. कथेकरी हे ऐकायचा आणि मान खाली घालून रिबिनी गुंडाळायचा.

यंदा समोरच्या बेकरीच्या खिडकीत घंटा झुलली, तेव्हा मात्र त्याच्या हातून रिबिनीचं रीळ सुटलं ते थेट रस्त्यावर गेलं.

बेकरी एकटीच्या हिमतीवर चालवणारी ती बाई. कोपरापर्यंत पीठ, बोलणं मोजकं. तिच्यासमोर कथेकऱ्याची सगळी पुराणं आटायची. रोज जाऊन म्हणायचं काय, तर "पाव ताजा आहे का?" बहीण वैतागायची. "घरात माणसं दोन आणि पाव पलटणीचे. आणतोस कशाला, बोलता येत नाही तर?"

दुपारी पोस्टमन दुकानात आला. "घंटेची जीभ द्या. जरा लांबशी."

"लांब जीभ चांगली नाही," कथेकरी म्हणाला. पण दिली. धंदा तो धंदा.

पोस्टमनने ती बांधली. संध्याकाळी बेकरीवालीने सोडून, कागदात गुंडाळून त्याच्या हाती दिली : "तुमचं काहीतरी राहिलं होतं." मग घड्याळजींनी स्वतः घडवलेली, अगदी नेमक्या मापाची जीभ आणली. तीही परत. "फार टिकटिकते," एवढंच ती म्हणाली.

बहिणीने चष्मा कपाळावर चढवला. "तू कधी जाणार?"

"कसा जाऊ, ताई? प्रथा खोटी आहे. तिला ती खरी वाटतेय. माझ्याच थापेच्या दोरीवर चढून मी तिच्या खिडकीशी जायचं?"

"मग खरं सांगायला जा. नाहीतर तिसरा कुणी जीभ घेऊन जाईल, आणि तू जन्मभर पाव ताजा आहे का विचारत बसशील."

त्याने टोपी घातली, काढली. गेला.

बेकरीवाली कणीक मळत होती. कथेकरी पावांच्या फळीकडे बघत एका दमात म्हणाला, "ती घंटा. म्हणजे ती प्रथा. तशी प्रथा कुठेच नाही. मी रचली. डोंगरापलीकडे काही नाही."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"खोकं आलं तेव्हा मी तुमच्या दारातच होते. तुम्ही फोनवर कारखानावाल्यांचा उद्धार करत होतात, जिभा बसवायला विसरलात म्हणून. मागे वळलात, मी दिसले, आणि तोंडातली शिवी गिळून तुम्ही ही गोष्ट सुरू केलीत." तिने गोळा पालथा घातला. "पहिली ऐकणारी मी. मला वाटलं, आता पुढचं काही बोलाल. तर तुम्ही घंटा कागदात गुंडाळून दिलीत."

कथेकऱ्याने फळीवरचा एक पाव उचलला आणि तसाच परत ठेवला.

"वर्षभर वाट पाहिली," ती म्हणाली. "मग म्हटलं, यांना यांच्याच भाषेत सांगावं. तर ती दुसऱ्यांनाच कळायला लागली."

"मी... जीभ आणली नाही," तो कसाबसा म्हणाला. "खरं सांगायचं म्हणून रिकाम्या हाताने आलो."

"ते बरं केलंत. आता दोन जिभा परत करून माझा जीव दमलाय." तिने ओट्यावर त्याच्यासाठी जागा केली. "मग पुढचं बोला. प्रथा तुमचीच आहे, माणूस आलं की काय बोलायचं असतं?"

त्याने डोळे मिटले. फांद्या, चांदण्या, सफरचंदं, सगळं शोधून पाहिलं. एकही ओळ हाताला लागेना.

"सुचेपर्यंत हे मळा," ती म्हणाली आणि अर्धा गोळा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने बाह्या सरसावल्या. कणीक बोटांना चिकटली, सदऱ्याला लागली, नाकावर गेली. तिने त्याची मनगटं धरून हात कसे टेकायचे ते दाखवलं, आणि दाखवून झाल्यावरही मनगटं सोडली नाहीत. समोर दुकानात बहीण एका गिऱ्हाइकाला सांगत होती, की मालक बाहेर गेलेत, गोष्ट आज मिळणार नाही, चांदणी हवी तर घ्या.